बेस गिटारच्या तारा: फ्लॅटवाउंड की राउंडवाउंड? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा अ‍ॅम्प, नवे पिकअप, नवं पेडल यांचा विचार करण्याआधी तारांचा विचार करा. बेसचा आवाज तारेतच जन्माला येतो. पुढची सगळी साधनं त्यावर फक्त संस्कार करतात. निवड करताना बहुतेक जण "आवाज चकचकीत हवा की मऊ" इथून सुरुवात करतात. माझ्या मते त्याआधी एक गोष्ट स्वतःला विचारावी: तुमच्या संगीतात बेसच्या सुराचा ठोका महत्त्वाचा आहे, की त्या ठोक्यामागून येणारी आस? खालची बहुतेक उत्तरं फिरून याच मुद्द्यावर येतात.

### दोन्हींच्या बनावटीत नेमका फरक काय?

दोन्हींच्या आत स्टीलचा बारीक गाभा असतो आणि त्याच्याभोवती धातूची गुंडाळी. ही गुंडाळी गोल तारेची असेल तर ती राउंडवाउंड. बोट फिरवलं की एकामागून एक उंचवटे लागतात. सर्वांत बाहेरची गुंडाळी चपट्या पट्टीची असेल तर ती फ्लॅटवाउंड. पट्टीचे वेढे एकमेकांना चिकटून बसतात, त्यामुळे तार गुळगुळीत लागते. फ्लॅटवाउंडमध्येही आत गोल तारेचा थर सहसा असतो, चपटी पट्टी त्याच्यावर येते.

गुंडाळी मुळात हवी कशाला, तर वजनासाठी. ई ची उघडी तार 41.2 हर्ट्झवर बोलते. इतक्या खाली जायचं तर तार जड हवी. पण नुसती जाड सळई लावली तर ती इतकी ताठ होते की तिचे उपस्वर (मूळ सुरासोबत वाजणारे वरचे बारीक सूर) जागा सोडतात आणि सूर फाटल्यासारखा येतो. म्हणून गाभा बारीक ठेवायचा आणि वजन बाहेरून चढवायचं.

### आधी कोणत्या आल्या?

फ्लॅटवाउंड. फेंडरचा प्रिसिजन बेस 1951 मध्ये आला तेव्हा इलेक्ट्रिक बेसवर याच तारा असत. राउंडवाउंडचं वळण 1966 च्या सुमारास आलं. इंग्लंडमध्ये जेम्स हाउ यांच्या रोटोसाउंड कंपनीनं 'द हू' या रॉक बँडचे बेसवादक जॉन एन्टविसल यांच्यासोबत काम करून पियानोच्या खर्जासारखी घणघणती तार तयार केली. त्यानंतर रॉकमधला बेस पुढे येऊन बोलू लागला.

### कानाला फरक कसा कळतो?

ए च्या तारेवर एकच सूर वाजवा आणि तो विरेपर्यंत हात लावू नका. नव्या राउंडवाउंडवर आधी बोटाचा किंवा पिकचा 'टिण' ऐकू येतो, मग उपस्वरांचा भरगच्च झोत, आणि तो झोत बराच वेळ टिकतो. सूर विरत जाताना मूळ सूर आणि वरचे उपस्वर दोन्ही सोबत चालतात. फ्लॅटवाउंडवर सुरुवात बोथट पण वजनदार असते. 'धम्' असा ठोका पडतो, वरचे उपस्वर लवकर मावळतात आणि उरतो तो मूळ सूर.

याचा परिणाम लयीवर होतो, आणि तो पुरेसा बोलला जात नाही असं मला वाटतं. ज्या सुराचा ठोका स्पष्ट आणि शेपूट आखूड, तो ड्रमच्या किकशी जुळवून घेतो. दोन सुरांमधली शांतता ऐकू येते. राउंडवाउंडवर ती शांतता डाव्या हातानं मुद्दाम तयार करावी लागते, नाहीतर मागचा सूर पुढच्यावर सांडतो. उलट बाजूही तितकीच खरी: सुरावटीचा बेस वाजवायचा असेल, दुहेरी सूर किंवा हार्मोनिक्स घ्यायचे असतील, तर राउंडवाउंडचा तो झोतच तुमचं भांडवल आहे.

आणखी एक फरक जागा बदलताना कळतो. राउंडवाउंडवर डावा हात सरकला की उंचवट्यांवरून बोट घासल्याची 'झुईं' उठते. फ्लॅटवाउंडवर ती जवळपास नसतेच.

### टोन नॉब बंद केला की राउंडवाउंड फ्लॅटसारखीच वाजते ना?

थोडीशी, पण पुरती नाही. टोन नॉब (बेसवरचं आवाजाची चकाकी कमी-जास्त करणारं बटण) वरच्या पट्टीतला आवाज सुराच्या पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत सारखाच कापतो. फ्लॅटवाउंडवर मात्र सुरुवातीला ठोक्यात थोडी धार असते आणि ती पटकन विरते. म्हणजे फरक काळातला आहे. नॉब बंद केलेल्या राउंडवाउंडवर ठोकाही मंदावतो आणि आस तितकीच लांब राहते. ऐकणाऱ्याला तो आवाज उशीखालून आल्यासारखा वाटतो.

फ्लॅटच्या जवळ जायचंच असेल तर ब्रिजच्या (बॉडीवर तारा जिथे अडकवतात त्या भागाच्या) अगदी पुढे, तारांच्या खाली स्पंजचा पातळ तुकडा सरकवा आणि तारा फिंगरबोर्डच्या टोकाजवळ छेडा. स्पंज तारांना जेमतेम टेकला पाहिजे. दाबून भरला तर सूर गुदमरतो. जुन्या फेंडर बेसवर ब्रिजच्या झाकणाखाली असाच मऊ तुकडा बसवलेला असे. नव्या तारा घेण्याआधी फ्लॅटची चव घ्यायला हा उपाय चांगला आहे.

### कोणत्या संगीताला कोणत्या तारा?

सोल, जुना आर अँड बी, रेगे, जॅझ आणि गायकाच्या मागे राहून साथ करायची कोणतीही शैली यांना फ्लॅटवाउंड शोभतात. रॉक, फंक, आधुनिक पॉप, स्लॅप (अंगठ्यानं तार ठोकून आणि खेचून वाजवणं) आणि जिथे बेसला इलेक्ट्रिक गिटारींच्या गर्दीतून वाट काढायची आहे तिथे राउंडवाउंड. ही सुरुवातीची दिशा झाली. पण वादकांकडे पाहिलं तर हे कुंपण लगेच मोडतं.

सोल संगीताच्या मोटाउन या अमेरिकी ध्वनिमुद्रण कंपनीचे बेसवादक जेम्स जेमरसन 1962 च्या प्रिसिजन बेसवर ला बेला कंपनीच्या जड फ्लॅटवाउंड वाजवत आणि तार तुटल्याशिवाय बदलत नसत. त्या मऊ, जुन्या तारांवर त्यांनी जे वाजवलं ते साधं अजिबात नाही: उघड्या तारा, अर्धस्वर, अनपेक्षित ठोके, आणि सगळं एकाच बोटानं. फ्लॅट म्हणजे संथ वादन हा समज त्यांचं वादन ऐकल्यावर टिकत नाही.

दुसरं टोक म्हणजे आयर्न मेडन बँडचे बेसवादक स्टीव्ह हॅरिस. हेवी मेटल, घोडदौडीची लय, बोटांनी वाजवलेली, आणि तारा फ्लॅटवाउंड. त्यांचा तो खणखणाट जड गेजच्या (जाडीच्या) नव्या कोऱ्या फ्लॅट तारांचा आणि फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) तार आपटेल इतक्या जोरकस बोटांचा आहे. नवी फ्लॅट आणि मुरलेली फ्लॅट यांत किती अंतर असतं, हे त्यांच्या आवाजावरून समजतं.

तेव्हा शैलीचं नाव पाहून तार निवडू नका. ज्या दोन-तीन वादकांचा आवाज तुमच्या कानात बसला आहे, त्यांच्या वाद्यवृंदात बेसला जागा कुठे आहे ते ऐका. गिटार आणि कीबोर्डनं मधली पट्टी भरून टाकली असेल तर बेसला एकतर त्यांच्या खाली स्थिर बसावं लागतं (फ्लॅट) किंवा वर धार काढावी लागते (राउंड).

### नव्या फ्लॅट तारा लावल्या, पण आवाज आवडला नाही. बोटांनाही चिकट लागतात. काढू का?

थांबा. नव्या फ्लॅटवाउंडला एक कडक, पत्र्यासारखी धार असते. ती रोजच्या वाजवण्यानं काही आठवड्यांत जाते आणि मग तो गोल, भरीव आवाज यायला लागतो. पहिल्या दिवशी निकाल देणं तारेवर अन्याय आहे. शक्य असेल तर दोन-तीन महिने ठेवा.

चिकटपणाही बहुधा वाजवून जातो. गुळगुळीत पृष्ठभागावर बोटाचा जास्त भाग टेकतो, म्हणून घर्षण वेगळं लागतं. सुती कापडाला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून तारा एकदा पुसल्या तर कारखान्यातला लेप निघतो. लाकडी, विशेषतः लॅकर लावलेल्या फिंगरबोर्डवर अल्कोहोल सांडू देऊ नका. खाली कोरडं कापड धरा.

### फ्लॅटवाउंडला ताण जास्त असतो का?

बहुतेक वेळा हो, पण नेहमी नाही. ताण तीन गोष्टींवर ठरतो: तारेचं दर लांबीमागचं वजन, स्केलची लांबी (तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी) आणि सूर. स्केल (बहुतेक बेसवर 34 इंच) आणि सूर तेच ठेवले तर उरतं फक्त वजन. राउंडवाउंडमध्ये गोल वेढ्यांच्या खाचांत हवा असते. फ्लॅटमध्ये त्या जागी धातू असतो. त्यामुळे तेवढ्याच गेजची फ्लॅट साधारणपणे जड आणि म्हणून ताणाची.

गेज इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. राउंडवाउंडचा सर्वांत रुळलेला संच 45-65-85-105. फ्लॅटमध्ये मात्र पाकिटावरच्या आकड्यांवर विसंबू नका. थोमास्टिक-इन्फेल्डच्या जॅझ फ्लॅट 43-56-70-100 अशा असतात आणि त्या इतक्या हलक्या ताणाच्या आहेत की जोरात वाजवणाऱ्याच्या हातात लडखडतात. ला बेलाचा जेमरसन-पद्धतीचा संच 52 पासून 110 पर्यंत जातो आणि डाव्या हाताची चांगलीच परीक्षा घेतो. ज्यांना पहिल्यांदा फ्लॅट लावायच्या आहेत त्यांनी 45 ते 100 च्या आसपासचा हलका संच घ्यावा. कंपनी प्रत्येक तारेचा ताण किलोत किंवा पौंडात छापत असेल तर आपल्या सध्याच्या संचाशी ताडून पाहा. गेजपेक्षा तो आकडा जास्त खरं सांगतो.

मात्र ताण आणि ताठपणा एक नव्हेत. दोन तारांवर ताण सारखाच असला तरी षट्कोनी गाभ्याची तार बोटाखाली ताठ लागते आणि गोल गाभ्याची लवचीक.

### निकेल घ्यावी की स्टील?

राउंडवाउंडमध्ये निकेलचा मुलामा दिलेलं स्टील हा मधला मार्ग, आणि बहुतेकांना तोच पुरतो. स्टेनलेस स्टील जास्त प्रखर आणि बोटाला खरखरीत. शुद्ध निकेल आधीपासूनच मवाळ; फ्लॅटकडे मन ओढतंय पण राउंड सोडवत नाही, अशांनी ते जरूर वाजवून पाहावं. फ्लॅटच्या पट्ट्या बहुतेक स्टेनलेस स्टीलच्या असतात.

### राउंडवाउंडनं फ्रेट झिजतात का?

झिजतात, फ्लॅटपेक्षा जास्त. स्टेनलेस स्टीलची गुंडाळी निकेल-सिल्व्हरच्या फ्रेटपेक्षा कठीण असते आणि तिचे उंचवटे कानशीसारखे काम करतात. तरी एवढ्यासाठी आवडता आवाज सोडू नये. फ्रेट घासून सारखे करता येतात, बदलताही येतात.

### फ्रेटलेस बेसवर काय लावावं?

फ्रेटलेसच्या मानेवर फ्रेट नसतातच, म्हणून इथे झीज फ्रेटची नसून थेट लाकडाची. रोझवुडच्या उघड्या फिंगरबोर्डवर राउंडवाउंड वाजवल्या, आणि त्यात कंप देण्याची सवय असली, तर काही काळानं तारांखाली चऱ्या पडलेल्या दिसतात. म्हणून फ्रेटलेसवर पहिली पसंती फ्लॅट किंवा टेपवाउंडला (वरून नायलॉनची पट्टी असलेल्या तारांना) मिळते.

पण फ्रेटलेसचा जो गाता, गुणगुणता आवाज जगाला माहीत झाला तो जाको पास्टोरियस यांचा, आणि त्यांच्या तारा रोटोसाउंडच्या राउंडवाउंड होत्या. फ्रेट काढलेल्या जॅझ बेसच्या फिंगरबोर्डवर त्यांनी बोटींना लावतात तो कडक इपॉक्सीचा थर दिला होता. तो थर लाकूड वाचवतो आणि आवाजाला धारही देतो. तुमचा फिंगरबोर्ड एबनीचा किंवा इपॉक्सी दिलेला असेल तर राउंडवाउंड निर्धास्त वाजवा. मींड घेताना सुरातला तो 'म्वाँव' राउंडवर जास्त खुलतो. फ्लॅटवर तो असतो, पण उभ्या डबल बेसच्या वळणावर जातो.

### फ्लॅटवर स्लॅप जमतं का?

जमतं. अंगठ्याचा ठोका छान भरीव येतो, पण तार खेचून सोडल्यावर जी चकाकी अपेक्षित असते ती येत नाही. स्लॅप हेच तुमचं मुख्य काम असेल तर राउंडवाउंड घ्या.

### आणि पिक?

फ्लॅट आणि पिक ही जोडी मला फार आवडते. कॅरल के यांनी लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये फ्लॅट तारा, पिक आणि तारांवर मऊ नमद्याचा तुकडा अशा बेतानं असंख्य ध्वनिमुद्रणं केली. पिक ठोक्याला धार देते, फ्लॅट त्या धारेची आस आवरते. प्रत्येक सूर टाइप केल्यासारखा सुटा ऐकू येतो.

### तारा किती दिवस टिकतात? उकळून परत नव्या होतात का?

राउंडवाउंडच्या खाचांत घाम, त्वचेचे कण आणि मळ साचतो. चकाकी काही आठवड्यांतच उतरायला लागते. घाम फार येणाऱ्यांची त्याहूनही लवकर. अल्कोहोलच्या नळीत रात्रभर बुडवून किंवा उकळून मळ सुटतो आणि आवाज थोडा काळ परत येतो. उकळलेली तार पूर्ण वाळवली नाही तर गाभ्याला गंज लागतो, म्हणून मला अल्कोहोलची पद्धत बरी वाटते. वाजवून झाल्यावर कोरड्या कापडानं पुसायची सवय या दोन्हींपेक्षा जास्त उपयोगी आहे.

फ्लॅटवाउंडमध्ये मळ शिरायला जागाच कमी. त्या वर्षानुवर्षं राहतात आणि कित्येकांना जुन्याच जास्त आवडतात. संच महाग पडतो, पण बदलायची वेळ क्वचित येते. बदलायची खूण म्हणजे बाराव्या फ्रेटवरचा सूर उघड्या तारेशी जुळेनासा होणं, किंवा पट्टीचा वेढा सुटून बोटाला टोचणं.

### राउंडवरून फ्लॅटवर जाताना बेसमध्ये काय काय बदलावं लागतं?

सगळ्या तारा एकदम काढू नका. एक काढा, एक लावा, म्हणजे मानेवरचा ताण अचानक जात नाही.

तारेच्या टोकांना रंगीत रेशीम गुंडाळलेलं असतं. हेडस्टॉककडचं (खुंट्यांकडचं) रेशीम नटच्या, म्हणजे मानेच्या टोकावरच्या खाचांच्या पट्टीच्या पलीकडे आणि ब्रिजकडचं सॅडलच्या, म्हणजे ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्याच्या मागे राहिलं पाहिजे. रेशीम सॅडलवर आलं तर सूर मेल्यासारखा लागतो. तसं झालं तर तुमच्या बेसला त्या लांबीची तार चुकीची आहे. तारा बॉडीतून ओवायच्या बेसवर फ्लॅट लावण्याआधी पाकिटावरची सूचना वाचा. तिथे तार काटकोनात वळते आणि काही कंपन्या आपल्या फ्लॅट तारांसाठी ते नको म्हणतात.

कापण्याआधी तार खुंटीच्या पुढे चार-पाच इंच मोजा, तिथे चिमट्यानं काटकोनात वाकवा आणि वाकवलेल्या जागेच्या पलीकडे कापा. गोल गाभ्याच्या तारेला आधी वाकवणं अत्यावश्यक आहे, नाहीतर कापताक्षणी गुंडाळी गाभ्यावरून सैल होते आणि नवी तार वाया जाते. खुंटीवर दोन-तीन वेढे खालच्या दिशेनं बसू द्या. गुंडाळताना तार स्वतःभोवती पिळली जाणार नाही याकडे लक्ष ठेवा. पिळलेली तार कधी नीट बोलत नाही.

सूर लावून बेस एक दिवस तसाच ठेवा, मग मान तपासा. ई ची तार पहिल्या फ्रेटवर आणि मान बॉडीला मिळते त्या फ्रेटवर दाबा; सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत 0.25 ते 0.4 मिलिमीटर फट हवी. ताण वाढल्यानं मान पुढे झुकून फट जास्त झाली असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली तिचा बाक सांभाळणारी सळई) पाव वेढा आवळा, थांबा, परत मोजा. मग तारांची उंची, आणि सर्वांत शेवटी इंटोनेशन: बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे.

जाड तार नटच्या खाचेत वरच अडकत असेल तर खाच रुंद करावी लागते. हे काम कारागिराकडून करून घ्या. जास्त खोल गेलेली खाच परत भरणं कटकटीचं असतं.

### ध्वनिमुद्रणात फ्लॅट छान वाटली, पण मोबाइलवर बेसच ऐकू येत नाही. असं का?

मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमध्ये 200 हर्ट्झच्या खाली फारसं काही उरत नाही. ई चा मूळ सूर 41 हर्ट्झ, म्हणजे तो गेलाच. तरीही राउंडवाउंडचा बेस ऐकू येतो, कारण आपला कान वरच्या उपस्वरांच्या रांगेवरून मूळ सूर ओळखतो. फ्लॅटवर ती रांगच विरळ असते. उपाय म्हणून किंचित ओव्हरड्राइव्ह द्या. एकट्या बेसवर जेमतेम जाणवेल इतकीच, म्हणजे उपस्वर तयार होतात. बरोबरीनं 700 ते 1000 हर्ट्झच्या भागात थोडा उठाव द्या. खालची पट्टी वाढवून काही साधत नाही.

### हाफराउंड आणि टेपवाउंड काय असतात?

हाफराउंड म्हणजे गोल गुंडाळीची तार वरून घासून सपाट केलेली. आवाज मधला, स्पर्शही मधला. मला त्यात दोन्हींची खास गंमत थोडी हरवलेली वाटते, पण बोटांचा आवाज कमी करण्यापुरता बदल हवा असेल तर त्या योग्य आहेत. टेपवाउंडवर सर्वांत बाहेर नायलॉनची पट्टी असते, बहुधा काळी. आत धातूच असल्यानं चुंबकीय पिकअप त्यांना नीट पकडतो. स्पर्श मऊ, आवाज डबल बेसच्या जवळ. अकूस्टिक बेस गिटारवर त्या फार शोभतात.

### पाच तारांच्या बेसवर फ्लॅट चालतात का?

चालतात, पण बी ची तार ऐकून मगच ठरवा. 30.9 हर्ट्झवर उपस्वर कमी असले की सूर नेमका कुठे आहे हे कळायला कान अडखळतो. 35 इंची स्केलवर ती जास्त स्पष्ट बोलते.

### मी नुकतंच शिकायला लागलो आहे. कोणत्या घेऊ?

निकेलचा मुलामा दिलेल्या राउंडवाउंड, 45-105 किंवा 45-100. कारण शिकण्याशी संबंधित आहे. राउंडवाउंड तुमच्या हाताच्या चुका स्पष्ट ऐकवतात: न दाबलेली तार, उगाच वाजणारी शेजारची तार, फ्रेटवरची खरखर. त्या ऐकू आल्या तरच सुधारतील. हात आवरायला शिकलात की फ्लॅटकडे जा. तेव्हा फ्लॅटवर मिळणारी शांतता तुमच्या हाताची असेल.

दोन बेस असतील तर प्रश्नच मिटला: एकावर फ्लॅट कायम ठेवा आणि दुसऱ्यावर राउंड बदलत राहा. सारखं अदलाबदल करण्यानं दर वेळी मान आणि इंटोनेशन दोन्ही नव्यानं लावावं लागतं.

### काढलेला जुना संच ठेवावा का?

फ्लॅटचा असेल तर नक्की ठेवा. खुंटीकडची वळणं सरळ करू नका. मोठ्या वर्तुळात गुंडाळून, प्रत्येक तारेला ई-ए-डी-जी अशी चिठ्ठी लावून कोरड्या पाकिटात ठेवा. परत लावताना तीच वळणं त्याच खुंटीवर बसवायची. तार जुन्या वळणावरच तुटण्याची शक्यता जास्त, म्हणून सूर हळूहळू चढवा. राउंडवाउंडच्या मेलेल्या संचातून फक्त जी ची तार बाजूला काढून ठेवा. कार्यक्रमात ऐन वेळी हीच तार तुटते, आणि तेव्हा जुनी का होईना, हाताशी असलेली बरी.